बोटाखालचं वचन

"भांडी," सुमनताई म्हणाल्या.

पास्टर रविराजनं विचारलं होतं ते तसं सोपंच होतं. बुधवारची घरची प्रार्थना चालली होती आणि शुभवर्तमानाचा सातवा अध्याय नुकताच वाचून झाला होता. अध्यायात सदतीस वचनं आणि सतरंजीवर अकरा माणसं. ओळीनं प्रत्येकानं एकेक वचन मोठ्यानं वाचायचं, ओळ संपली की पुन्हा पहिल्यापासून, ही यशवंतराव होते तेव्हापासूनची रीत. वाचून झालं की गीत, मग प्रार्थना, मग चहा. पण हा नवा पाळक तरुण होता. त्याला वाटलं, जरा विचारून बघावं.

"मावशी, घर तुमचं, म्हणून सुरुवात तुमच्यापासून. आज काय ऐकलंत? मनात काय राहिलं?"

सुमनताईंनी मनात डोकावून पाहिलं. तिथं पेले होते, घागरी होत्या, पितळेची भांडी होती आणि ती धुण्याबद्दल काहीतरी होतं. बाकी सगळी जागा रिकामी.

"कसली भांडी, मावशी?"

"अहो, भांडी... ती धुतात ना. पेले वगैरे."

मोशीच्या साधनाला हसू आवरलं नाही. "ताई, बाई आली नाही का आज भांड्याला?" मग सगळेच हसले. पास्टरही हसला, पण लगेच सावरून म्हणाला, "आहे, आहे, चौथ्या वचनात भांड्यांचा उल्लेख आहे. मावशींनी बरोबर सांगितलं." तो चांगला पोरगा होता. पण त्याच्या या चांगुलपणानंच सुमनताईंना जास्त लागलं. लहान मुलानं गणित चुकवलं की बाई 'अक्षर छान आहे हो' म्हणतात, तसं ते झालं.

आणि मंजुषा हसली नाही, हे त्यांनी पाहिलं. सून दाराशी बसली होती. ती नुसती सासूच्या तोंडाकडे बघत होती.

मंडळी गेल्यावर सुमनताई पुस्तक उघडून बसल्या. झोप लागली होती म्हणावं, तर तेही नाही. झोपणाऱ्यांपैकी त्या नव्हेतच. डोळे उघडे होते, चष्मा नाकावर होता, पुस्तक मांडीवर होतं. चारही वेळा त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी स्वच्छ, खणखणीत वाचलं होतं. चौथं, पंधरावं, सव्विसावं, सदतिसावं. सव्विसाव्या वचनात 'सुरफुनीकी' असा दाताखाली खडा यावा तसा शब्द होता. तोसुद्धा त्यांनी न अडखळता म्हटला. मग ती सुरफुनीकी बाई कोण होती? कशाला आली होती? पुढं तिचं काय झालं? त्यांना काही केल्या आठवेना.

हेच जर कुणी जुन्या काळचं काही विचारलं असतं, तर त्यांनी रात्र जागवली असती. नेवाशाकडच्या त्यांच्या गावातल्या मिशनच्या शाळेची घंटा कुठं चिरली होती, घोडबाई शिकवायला यायच्या तेव्हा त्यांच्या छत्रीची मूठ कुठल्या पक्ष्याच्या आकाराची होती, लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये कोणी कोणतं गीत चुकीच्या चालीत सुरू केलं, सगळं जिथल्या तिथं होतं. पन्नास वर्षांपूर्वीचं सगळं जागेवर, आणि पन्नास मिनिटांपूर्वीचं गायब. हे कसं?

रात्रीचा स्वयंपाक करता करता मंजुषानं विषय काढलाच.

"आई, रागावू नका. आपण एकदा डॉक्टरांना दाखवू या."

"डोळे तर आत्ताच दाखवले. एकाचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्याचा काढायचाय."

"डोळ्यांचं नाही म्हणत मी."

सुमनताई कणीक मळायच्या थांबल्या. "मग कशाचं म्हणतेस? सरळ बोल."

"आई, विसरायला होतं कधी कधी. वय होतं. त्यात तुमची दर बुधवारी धावपळ. सतरंज्या घाला, चहा करा, एवढी माणसं. साधनाताई म्हणत होत्या, त्यांच्या सोसायटीत खाली हॉल आहे, लिफ्ट आहे. तिकडं प्रार्थना ठेवली तर तुम्हालाही नुसतं येऊन बसायला..."

"हे ठरलं तुमचं?"

"ठरलं कुठं? तुम्हाला विचारल्याशिवाय कसं ठरेल?"

सुमनताईंनी कणकेवर ताट उपडं घातलं. रुपीनगरात ही तीन खोल्यांची जागा बांधली, त्या पहिल्याच आठवड्यात यशवंतरावांनी बुधवार सुरू केला होता. दारं बसली नव्हती, फरशी झाली नव्हती, पण सतरंज्या आल्या होत्या. पहिली शिफ्ट सुटून माणसं घरी आली, तोंड धुतलं, की साडेपाचला इथं. करोनाची दोन वर्षं सोडली तर बुधवार चुकला नाही. यशवंतराव गेले त्यालाही आता नऊ वर्षं झाली. त्यांची सायकल गेली, रेडिओ गेला, त्यांचे कपडे कुणाकुणाला दिले. राहिला तो बुधवार.

पण त्या हट्टी असल्या तरी अप्पलपोट्या नव्हत्या. ज्या घरात शास्त्र वाचलं जातं आणि घरधनिणीच्याच कानात शिरत नाही, त्या घरात माणसं जमवायची कशाला? हे त्यांनी स्वतःलाच विचारलं.

"एक बुधवार दे मला," त्या सुनेला म्हणाल्या. "पुढच्या बुधवारी पास्टरनं विचारलं आणि मला सांगता आलं नाही, तर सतरंज्या मीच बांधून देईन साधनाला. डॉक्टरकडेही येईन."

"आई, मी काय परीक्षा घेतेय का तुमची?"

"तू नाही. मीच घेतेय."

मग तो आठवडा उपायांचा झाला. झोप नाही हे माहीत असूनही सगळे उपाय झोपेवरचेच, कारण दुसरे कुणाला ठाऊक होते? गुरुवारी सकाळी त्या डोळ्यांना गार पाणी लावून वाचायला बसल्या. शुक्रवारी दाढेखाली लवंग धरली. लवंगेनं जीभ बधिर झाली, आणि लवंग किती वेळ टिकते याकडेच सगळं लक्ष गेलं. शनिवारी शाळेतल्या मुलीसारख्या भिंतीशी उभ्या राहून वाचू लागल्या, तर गुडघ्यानं हाक मारली. रविवारी चर्चमध्ये त्यांनी पेन्सिलीनं प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ ओढायचं ठरवलं. अर्ध्या तासात अख्खं पान रेघांनी भरलं आणि महत्त्वाचं कुठलं ते काही कळेना.

प्रार्थनेचं तर आणखीनच. 'हे प्रभू, माझं मन एका जागी राहू दे' एवढं म्हणेपर्यंत मन नेवाशाला जाऊन यायचं, येताना घोडबाईंची छत्री घेऊन यायचं. त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. बिचाऱ्या देवाला एकच वाक्य चार चारदा ऐकावं लागत असेल, या विचारानं त्यांना मध्येच हसू आलं, आणि मग हसल्याबद्दल क्षमा मागण्यात उरलेली प्रार्थना गेली.

गोंधळ वाढतच होता. घरी एकटीनं वाचलं तर थोडंफार ध्यानात राहायचं. मंडळीत बसलं की नाही. मग डोकं बिघडलं म्हणावं, तर ते घरी कसं चालतं? आणि विश्वास कमी झाला म्हणावं, तर तो घरात असतो आणि सतरंजीवर नसतो, असं कसं होईल?

मंगळवारी चार वाजता सुभद्राबाई आल्या. तळवड्याच्या जुन्या शेतकरी घरातल्या. सासऱ्यांची जमीन होती तिथं आता काचेच्या इमारती आहेत. तरी त्यांच्या पदरात काहीतरी निवडायचं किंवा सोलायचं असायचंच. तीस वर्षांचा शेजार. बुधवारी प्रार्थना चालू असताना त्या बाहेर पायरीवर बसून असायच्या. आत या म्हटलं तर म्हणायच्या, "माजं हितंच बरं हाय. वारं लागतंय."

आज पदरात लसूण होता. "तोंड का असं झालंय? सुनंसंगं वाजलं का काय?"

"नाही हो. माझंच माझ्याशी वाजलंय." सुमनताईंनी भांड्यांपासून लवंगेपर्यंत सगळं सांगितलं.

सुभद्राबाई मन लावून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आन त्या बाईचं न्हाई आठवलं?"

"कुठल्या?"

"आवो, ती! जिची पोर आजारी व्हती. दुसऱ्या जातीची, दुसऱ्या मुलखातली. ती आली न्हवं तुमच्या प्रभूकडं? तर ते म्हनले, आदी लेकरांचं पोट भरू द्या, लेकरांच्या ताटातलं कुत्र्याफुडं टाकाया नगं. आयला, म्या म्हनलं, देवमानूस आसून आसं कसं बोलला वो? मला तर रागच आला. पर ती बाई लय खमकी. म्हनली, व्हय म्हाराज, पर ताटाखाली सांडलेलं कुत्र्याची पिल्लं खात्यातच की! मंग त्येंलाच कबूल करावं लागलं. पोर बरी झाली."

सुमनताईंच्या हातातली, सोलायला घेतलेली लसणाची पाकळी तशीच राहिली. ही म्हणजेच सुरफुनीकी बाई.

"तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

"कुनी म्हंजे? तुमीच की! आतून तुमीच वाचत व्हता. आन त्याच्या आदी, म्हैना झाला आसंल, त्या लुळ्या मान्साचं नाय का? गर्दी व्हती म्हून छप्पर उचकटून त्याला वरनं खाली सोडलं. म्या तवापास्नं इचार करतीया, मानूस बरा झाला, चालत घरला गेला. पर त्या घरवाल्याचं छप्पर कुनी नीट करून दिलं का न्हाई?"

सुमनताईंनी पाकळी खाली ठेवली. नामकरणापासून मंडळीत वाढलेल्या त्या. आणि ही बाई, जिला अक्षर येत नाही, जिच्या देव्हाऱ्यात खंडोबा आहे, ती पायरीवर बसून सगळं घेऊन गेली होती.

"पण मग मला का नाही आठवत, सुभद्राबाई? मी तर आत होते."

सुभद्राबाईंनी लसणाची सालं फुंकरीनं उडवली. "तुमच्यात समदेच वाचत्यात. मंग ऐकतंय कोन?"

"म्हणजे?"

"आमच्यात पोथी लावली की वाचनारा एकलाच. बाकीच्यांना कामच काय, कान देन्याबिगर? तुमचं आसं न्हाई. तुमी तर बोटं मोजत बसता. म्या खिडकीतनं बघतीया न्हवं. एक, दोन, तीन. मला वाटलं, त्यो बी तुमच्या प्रार्थनेचाच प्रकार आसंल."

सुभद्राबाई गेल्या तरी सुमनताई तिथंच बसून राहिल्या. मग त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. अंगठा करंगळीच्या पेरावर होता. त्यांना कळलंसुद्धा नव्हतं.

लग्न होऊन पिंपरीला आल्या तेव्हा त्या अठराच्या होत्या. कंपनीच्या कामगारांच्या चाळीत पहिलीच प्रार्थना, सगळी अनोळखी माणसं, आणि नव्या नवरीच्या वाट्याला कुठलं वचन यावं? ज्यात नबुखद्नेस्सर राजा आहे, ते. त्या 'नबु' म्हणाल्या आणि अडकल्या. पुन्हा 'नबुख' म्हणाल्या. तिसऱ्यांदा घाम फुटला. कुणीतरी बायकांतून म्हणालं, "राहू दे गं, राजाला वाईट वाटायचं," आणि हशा झाला. घरी येऊन त्या रडल्या. परत येणार नाही म्हणाल्या.

पुढच्या वेळी यशवंतराव शेजारी येऊन बसले, बायका-पुरुष वेगळे बसण्याचा रिवाज मोडून. टर्नर माणूस, दिवसभर नग मोजायची सवय. त्यांनी ओळीतली माणसं मोजली, वचनं मोजली आणि तिच्या पुस्तकात एका वचनावर बोट टेकवलं. "हे तुझं," कुजबुजले. "तोवर मनात घोकून ठेव." तिनं घोकलं. पाळी आली आणि ती धबधब्यासारखी वाचून गेली. तेव्हापासून प्रत्येक पाळीला ते बोट आधीच तिथं असायचं. कितीही धुतलं तरी नखाशी मशीनचं तेल राहायचंच, म्हणून त्या पुस्तकाच्या पानापानावर काळपट ठसे पडले होते. नऊ वर्षांपासून बोट नव्हतं, तर त्या स्वतः मोजत होत्या. पन्नास वर्षं त्यांनी फक्त आपलं वचन घोकलं होतं. आधीचं घोकण्यात जायचं, आणि नंतरचं 'सुटलो एकदाचं' म्हणण्यात.

आता कारण कळलं होतं, तरी त्यांना हलकं वाटलं नाही. उलट जास्तच चमत्कारिक वाटलं. ते बोट म्हणजे त्यांच्या संसारातली सगळ्यात प्रेमाची गोष्ट. त्याच बोटानं कान झाकले होते? असं कसं म्हणायचं? आणि नाही म्हणावं, तर ती भांडी?

बुधवारी साडेपाचला आठच माणसं आली. चाकणहून येणारी कंपनीची बस कुरुळीच्या पुढं अडकली होती, दोघं-तिघं त्यात होते. पास्टर म्हणाला, "आपण सुरू करू या, ते येतील तसे बसतील." आठवा अध्याय.

आज मोजायचं नाही असं सुमनताईंनी ठरवलं होतं. पण अंगठा ऐकेना. चौथं वचन तर समोरच होतं, ते वाचून झालं. मग आठ माणसं, म्हणजे पुढचं बारावं. त्या बाराव्याकडे सरकल्या. तेवढ्यात दार वाजलं, घामाघूम झालेला एक जण "सलाम, सलाम" करत आत आला आणि ओळीच्या शेवटी बसला. म्हणजे तेरावं. त्या तेरावं घोकू लागल्या तोच दुसरा आला. "काय ट्रॅफिक आहे राव!" म्हणजे चौदावं. मधल्या वचनांत काय होतं देव जाणे. चौदावं आलं, शिष्य नावेत भाकरी घ्यायला विसरले असं काहीतरी, ते त्यांनी वाचलं आणि अंगठा लगेच पुढं निघाला. दहा माणसं, म्हणजे चोविसावं. पण अजून एक जण यायचा होता. मग पंचविसावं? का चोविसावंच?

पायरीवरून सुभद्राबाई खिडकीतून त्यांच्या हाताकडे बघत होत्या.

सुमनताईंनी पुस्तक मिटलं. चष्मा काढून त्यावर ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसल्या, लहान मुलं थंडीत बसतात तशा.

पहिल्यांदा काहीच ऐकू येईना. मग साधनाचा आवाज आला. तिचा आवाज इतका मऊ आहे हे त्यांना कधी कळलंच नव्हतं. कुणीतरी कुणालातरी विचारत होतं, तुम्हाला अजून समजत नाही का? डोळे असून दिसत नाही का? मग एका आंधळ्याला घेऊन आले. त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेलं. हात धरून, हे सुमनताईंना फार बरं वाटलं. गावाबाहेर का नेलं असेल? त्याच्या डोळ्यांना थुंकी लावली, हात ठेवले आणि विचारलं, काही दिसतं का?

मग सगळं शांत झालं.

त्या वाट बघत होत्या. दिसलं का त्याला? पुढचं का वाचत नाहीत?

"आई," मंजुषा हळूच म्हणाली, "तुमची पाळी."

सुमनताईंनी गडबडीनं चष्मा शोधला, तो उलटा घातला, पुस्तक उघडलं तर भलतंच पान. बाकीची नऊ माणसं थांबली होती. मंजुषानं आपलं पुस्तक पुढं केलं. चोविसावं वचन. ना घोकलेलं, ना पाहिलेलं. त्या पहिल्याच शब्दाला अडखळल्या. पुन्हा सुरुवात केली. आंधळ्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, मला माणसं दिसतात, पण ती झाडांसारखी, चालणारी... 'झाडांसारखी'वर त्या थांबल्या आणि परत एकदा वाचलं, स्वतःलाच. कुणी हसलं नाही.

पुढच्यानं वाचलं की डोळ्यांवर पुन्हा हात ठेवले आणि मग त्याला सगळं स्पष्ट दिसू लागलं. अध्याय संपला. पास्टर रविराजनं या वेळी सुमनताईंकडे बघायचं मुद्दाम टाळलं आणि साधनाकडे वळला.

"मला विचारा," सुमनताई म्हणाल्या.

"बोला ना, मावशी. काय ऐकलंत?"

"ऐकलं. पण मला काहीच कळलं नाही."

मंजुषानं खाली पाहिलं.

"बाकीचे सगळे एका शब्दात बरे होतात," सुमनताई म्हणाल्या. "मग ह्याला दोनदा हात का लावावा लागला? पहिल्या वेळी कमी पडलं का? आणि त्यानं खरं कसं सांगितलं हो? समोर प्रत्यक्ष प्रभू उभा. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, दिसतं, दिसतं, उपकार झाले. ह्यानं म्हटलं, नीट नाही दिसत. माझी पट्टी काढली तेव्हा डॉक्टरनं विचारलं, आजी, दिसतंय का? मी म्हटलं, हो, छान दिसतंय. सगळा धूसर धूर होता. डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणून म्हटलं."

पास्टरनं पुस्तकात पाहिलं, मग वर पाहिलं.

"दोनदा का, ते मलाही माहीत नाही, मावशी," तो म्हणाला. "मी हा अध्याय कितीदा वाचलाय. कॉलेजात यावर पेपरही लिहिलाय. पण असं..." तो थांबला. "विचार करून सांगतो."

"पुढच्या बुधवारी सांगा," खिडकीतून सुभद्राबाई म्हणाल्या. "आन त्या छपराचं बी इचारून ठेवा."

"कुठलं छप्पर?" पास्टरनं विचारलं, आणि मग चहा येईपर्यंत छपरावरच वाद चालला. एक जण म्हणाला, त्याला वरून खाली सोडणाऱ्या चौघांनीच नीट केलं असणार. साधना म्हणाली, बरा झालेला माणूस दुसऱ्या दिवशी आला असणार कामाला.

मंडळी गेल्यावर मंजुषा सतरंज्यांच्या घड्या घालू लागली. सुमनताई खिडकीच्या उजेडात आपलं जुनं पुस्तक घेऊन बसल्या. आठवा अध्याय काढला. चोविसाव्या वचनाच्या शेजारी, समासात, काळपट ठसा होता.

त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं. एक डोळा नीट, एक धूसर. यशवंतरावांचं बोट मोठं होतं, ठसा तेविसाव्यापासून पंचविसाव्यापर्यंत पसरला होता. म्हणजे सुमनताईंनी हेच वचन कधीतरी मोठ्यानं वाचलं होतं? चाळीत? याच घरात? झाडांसारखी चालणारी माणसं त्यांच्याच तोंडून निघून गेली होती आणि त्यांना पत्ताही नव्हता? का तेविसावं होतं त्यांचं? त्यांनी त्या ठशावर आपलं बोट ठेवून पाहिलं. त्यावरून काहीच कळत नव्हतं. विचारायचं तर ज्यांना विचारायचं ते नव्हते. आणि अशी किती पानं होती या पुस्तकात?

"आई," मंजुषा म्हणाली. तिच्या हातात तिन्ही सतरंज्या होत्या. "ह्या कुठं ठेवू?"

"अं?" सुमनताईंचं बोट तसंच पानावर होतं. "कुठं म्हणजे? कपाटावर, नेहमीच्या जागी. आणि जरा इकडे ये. तुझे डोळे चांगले आहेत. हा बोटाचा ठसा कुठल्या वचनावर आहे, सांग बघू."

मंजुषा सतरंज्या घेऊनच वाकली. बराच वेळ बघत राहिली.

"नाही सांगता येत, आई," ती म्हणाली. "पण थांबा, आधी वाचून बघते."

आणि सतरंज्या खाली ठेवून ती वाचू लागली. सुमनताईंनी पुस्तक तिच्या हातात दिलं आणि ऐकत बसल्या.